सात केळवणांची बेरीज

पहिले केळवण सांगलीला मावशीच्या घरी झाले. तारीख २३ एप्रिल २०२३, रविवार. आदल्याच दिवशी अक्षय्य तृतीया होऊन गेली होती, तरी मावशीने हापूसची पेटी माझ्या लेकीसाठी न उघडता ठेवली होती. लेक नवरी आणि मी नवरीची आई, म्हणून दोघींच्याही पाटांभोवती रांगोळी काढलेली, उदबत्ती लावलेली, आमरसाला चांदीची वाटी. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पहाटे पाचला उठून तिने डाळ शिजवली होती आणि सुनेने मिक्सर पुढे केला तरी पुरण पुरणयंत्रातूनच काढले होते.

दोन पोळ्या झाल्यावर मी ताटावर आडवा हात धरला. नको म्हणण्याची ही आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्या हाताखालून वाट काढण्याची रीतही तितकीच ठाऊक आहे. मावशी वाकली, लहान मुलाचा हात उचलावा तसे तिने माझे मनगट हलकेच वर घेतले आणि चतकोर घडी घातलेली तिसरी पोळी ताटात सरकवली. तिच्या बोटांना वेलचीचा वास येत होता आणि पाटलीच्या खाली, तव्याची कड लागून भाजल्याचा एक ताजा लाल वण दिसत होता. "एवढ्याने काय होतंय गं? लेकीचं लग्न काय रोज असतं?" असे म्हणत तिने वरून तुपाची धार सोडली. तो वण पाहिल्यावर माझ्या तोंडून पुढचे 'नको' निघाले नाही. मी ती पोळी खाल्ली आणि मनापासून, चवीने खाल्ली.

मावशीचा प्रश्न रास्त होता. एका पोळीने खरोखरच काही होत नाही. पण त्या दिवसापासून १४ मेपर्यंत, म्हणजे बावीस दिवसांत, आमची सात केळवणे ठरलेली होती, त्यानंतर घाणा भरणे, ग्रहमख, लग्न आणि मग व्याह्यांबरोबर देवदर्शन होते. प्रत्येक घर मला एकदाच वाढणार होते आणि प्रत्येक घराचे 'एवढ्याने काय होतंय' आपापल्या जागी खरे असणार होते. या सगळ्या 'एवढ्या'ची बेरीज माझ्याखेरीज दुसरे कोणी करणार नव्हते, कारण बाकी कोणाला ती दिसतच नव्हती. ही गोष्ट नीट समजायला मला तीन केळवणे लागली.

थोडे मागे जाऊन सांगते. २०२१च्या डिसेंबरात माझे वजन ७२ किलो होते, उंची १५५ सेंटीमीटर, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीए१सी म्हणतात, तो ६.३ आला होता. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी आणि ६.५ला मधुमेह, एवढे मला आधीपासूनच माहीत होते, कारण मी मधुमेहाच्या घरात वाढले आहे. बाबांना तो सेहेचाळिसाव्या वर्षी झाला. आमच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या कुप्या चिंचेच्या बरणीशेजारी असत आणि पाहुणे आले की त्या मागे सरकवल्या जात. सणावारी बाबांच्या ताटात गोड वाढताना कोणाचा हात थांबला नाही आणि बाबांचाही थांबला नाही. शेवटी त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. मला कोणाचा दोष काढायचा नाही. प्रत्येकाने त्यांना प्रेमानेच वाढले होते. पण त्या जखमेची पट्टी बदलताना मी आईच्या हाताशी असे, आणि ६.३ हा आकडा मी कागदावर पाहिला तेव्हा मला प्रथम तो पाय आठवला.

मग अकरा महिने आहार सांभाळला, रोज पाऊण तास चालले, वजन ६० किलोवर आले आणि साखर ५.६ झाली. या काळाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात आणि तुलनेने तो सोपा असतो. वजन उतरत असताना दर आठवड्याला काटा काहीतरी सांगतो, जुने ब्लाउज सैल होतात, जिन्यात भेटणारी माणसे विचारतात, आणि पुढे एक आकडा असतो जिथे पोचायचे असते. २०२२च्या नोव्हेंबरात आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या की आता मेंटेनन्स सुरू, म्हणजे उतरलेले वजन तिथेच राखायचे. दिवसाचे साधारण तेराशे उष्मांक होते, ते हळूहळू सोळाशे करायचे. म्हणजे वाढले किती, तर एक ज्वारीची भाकरी, अर्धी वाटी उसळ आणि एक चमचा तूप. मी त्यांना विचारले, हे किती दिवस? त्या म्हणाल्या, याला दिवस नसतात.

या टप्प्यात कोणी विचारत नाही. जे वजन वाढत नाही ते कोणाला दिसत नाही. महिनाभर काटेकोर राहून काटा जिथल्या तिथे राहिला की मिळाले काय, तर काहीच नाही, आणि ते 'काहीच नाही' हेच मिळवायचे असते. त्यात शरीरही साथ देत नाही. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पन्नास जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवून वजन उतरवले आणि मग वर्षभर त्यांच्या रक्तातली भुकेची आणि तृप्तीची संप्रेरके तपासली. भूक वाढवणारे घ्रेलिन वाढलेले होते, पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन कमी झालेले होते आणि वर्ष उलटल्यावरही ती पूर्वपदावर आलेली नव्हती. भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. हे वाचले त्या दिवशी मला फार मोकळे वाटले. रात्री अकराला फ्रिजसमोर उभी राहत होते ती माझ्या मनाची दुबळीक नव्हती. शरीर गेलेले किलो परत मागत होते. हे कळल्याने भूक कमी झाली नाही, पण तिच्याशी भांडण संपले.

सांगलीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ६१.४ दाखवत होता. आदल्या दिवशी ६०.१ होता. मी बाथरूमच्या दारात बराच वेळ उभी होते. नंतर शांतपणे कागद घेऊन बसले, कारण एका पतसंस्थेत सव्वीस वर्षे हिशेब लिहीत असल्याने मला कागदावर मांडल्याखेरीज काही पटत नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे सात हजार सातशे उष्मांक. तेव्हा एक किलो तीनशे ग्रॅम चरबी वाढायला रोजच्यापेक्षा दहा हजार उष्मांक जादा खावे लागले असते. पुरणपोळी तुपासकट तीनशेच्या आसपास जाते. आमरस, भजी, कुरडया सगळे धरले तरी दहा हजारांच्या जवळपासही मी गेले नव्हते. उरलेले वजन पाण्याचे होते. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यात पापड-लोणच्यातल्या मिठाने आणखी पाणी धरले जाते. चार दिवस नेहमीचे जेवले की ते निघून जाते. गुरुवारी काटा ६०.३ होता. वरचे दोनशे ग्रॅम तेवढे माझ्या खात्यावर राहिले.

आणि हेच दोनशे ग्रॅम महत्त्वाचे आहेत. २००० साली अमेरिकेत १९५ प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिकडे नोव्हेंबर अखेरीच्या थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत जो खाण्यापिण्याचा आणि घरी जाण्यायेण्याचा हंगाम असतो, त्यात माणसांचे वजन किती वाढते हे त्यात पाहिले होते. लोकांची समजूत होती की दोन-अडीच किलो वाढत असणार. प्रत्यक्षात सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो, म्हणजे दीड पावशेराच्या आसपास. पण ती पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात उतरली नाही. सणाच्या दिवसांत चढलेले ते एवढेसे वजन तसेच राहिले आणि पुढच्या वर्षीचे त्यावर चढणार होते. मावशीचे 'एवढ्याने' आणि त्या अमेरिकन घरांमधले 'एवढ्याने' यांत मला काही अंतर दिसत नाही.

दुसरे केळवण कोथरूडला जाऊबाईंकडे होते. सांगलीचा अनुभव ताजा असल्याने मी पहिल्या वाढपालाच सांगून टाकले की मला डॉक्टरांनी गोड बंद केले आहे. हे पूर्ण खरे नव्हते आणि त्यातून जे झाले ते बरे झाले नाही. लगेच कोणाला किती साखर आहे, कोणाची कोणत्या गोळीने उतरली, मेथीचे पाणी घ्यावे की जांभळाच्या बियांची पूड, अशी चर्चा सुरू झाली. जाऊबाईंनी आटवलेल्या बासुंदीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांची नजर माझ्या ताटावर, त्यात भात किती आणि पोळ्या किती यावर. घरी परतताना रिक्षात लेक बाहेर बघत बसली होती. सोसायटीच्या फाटकाशी उतरताना ती म्हणाली, "आई, माझं केळवण होतं ना गं? सगळे तुझ्या ताटाबद्दलच बोलत होते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. त्या रात्री मी ठरवले की उरलेल्या केळवणांत माझ्या आहाराचा विषय ताटाशी निघू द्यायचा नाही.

तिसरे साताऱ्याला नणंदेकडे. तिथे मी दुसरी चूक केली. दुपारी भरपूर होणार म्हणून सकाळी काही न खाता निघाले. खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागलेली, पोचायला एक वाजला आणि ताटे मांडायला अडीच. तोपर्यंत माझे हात थरथरत होते. पहिली दहा मिनिटे मी काय खाल्ले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मसालेभात दोनदा घेतला एवढे आठवते, आणि चहाबरोबर आलेल्या कंदी पेढ्यांचे मी मोजमाप ठेवले नाही. उपाशीपोटी आग्रहासमोर बसणे म्हणजे अर्धे आधीच कबूल करून बसणे. त्यानंतर मी केळवणाच्या दिवशी सकाळचा नाश्ता कधीच चुकवला नाही आणि निघण्याआधी वाटीभर ताक व मूठभर फुटाणे घेऊन निघू लागले. हा उपाय फार साधा आहे, लिहिण्याजोगा वाटणार नाही इतका साधा, पण मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

साताऱ्याचे केळवण ३० एप्रिलला आणि दुसऱ्याच दिवशी, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला धरून, ठाण्याला दादा-वहिनींकडचे. लागोपाठच्या या दोन दिवसांची मला धास्ती होती. म्हणून वहिनीला आधीच फोन केला. वेगळे काही कर असे सांगायला नव्हे. एका बाईसाठी वेगळा स्वयंपाक करायला लावणे मला पटत नाही. मी तिला एवढेच म्हटले, "वहिनी, मी सकाळी लवकर येते, आपण दोघी मिळून करू. आणि ताटात मी मागेन तेवढंच वाढ, कोणासमोर काही म्हणू नकोस." वहिनीने कारण विचारले नाही. तिने बाबांना शेवटची चार वर्षे सांभाळले होते. पंगत बसली तेव्हा दादाने श्रीखंडाचे पातेले माझ्याकडे वळवलेले मला दिसले आणि त्याच वेळी वहिनीने आतून त्याला हाक मारून पाणी वाढायला बोलावले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलेही नाही. घरात एका माणसाला खरे सांगितलेले असले की पुरते, आणि ते माणूस वाढणाऱ्यांपैकी असावे लागते.

ठाण्याला पहिल्या पंगतीला मी वाढायलाही उभी राहिले. पळी हातात असली की ताट आपल्या ताब्यात असते. पण हा मार्ग मी मोकळेपणाने सुचवणार नाही. एक तर वाढताना, झाकताना, उरलेले भांड्यात काढताना जे तोंडात जाते ते कोणत्याच हिशेबात येत नाही. दुसरे म्हणजे, आपल्याकडे वाढणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या शेवटी जेवल्या, उरेल ते आणि गार झालेले जेवल्या. ते काही मिताहाराचे व्रत नव्हते. माझ्या आईला मी पुरणपोळीच्या दिवशी कधी गरम पोळी खाताना पाहिलेले नाही. स्वतःचे खाणे सांभाळायचे म्हणून मी पुन्हा त्याच जागी जाऊन उभे राहावे, हे मला खटकते.

त्यानंतरच्या दोन केळवणांबद्दल थोडक्यात. शेजाऱ्यांनी बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला संध्याकाळी बोलावले होते. त्यांनी इडली-सांबार आणि फळे केली होती, काही अडचण आली नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींनी लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका थाळीच्या हॉटेलात नेले. तिथे वाढपी दर दोन मिनिटांनी येतात, पण ताटावर हात धरला की तसेच पुढे जातात. त्या वाढण्यात कोणाचा जीव गुंतलेला नसतो. नकार देणे किती सोपे असू शकते हे मला तिथे दिसले आणि घरी ते का सोपे नसते हेही दिसले.

सातवे, शेवटचे, कोल्हापूरला आत्याकडे. इथपर्यंत येताना माझ्या मनात एक जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. २०१६च्या दिवाळीत धाकटे दीर आमच्याकडे भाऊबीजेनंतरच्या जेवणाला आले होते. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन पाच महिने झाले होते आणि त्यांनी गोड सोडलेले होते. त्यांनी दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा मी गुलाबजाम त्यांच्या वाटीत टाकला. "मी केलेत हो, एक तरी घ्या," असे म्हणाले होते. त्यांनी तो खाल्ला. त्यांना काही झाले नाही, ते ठणठणीत आहेत. पण तो गुलाबजाम वाटीत टाकताना मला काय हवे होते, हा प्रश्न मी स्वतःला सात वर्षांनी विचारला. त्यांनी तो खावा असे मला खरोखर वाटत नव्हते. माझे गुलाबजाम आत तडकले नव्हते, पाक नेमका झाला होता, आणि हे कोणीतरी पाहावे, बोलून दाखवावे, एवढेच मला हवे होते. दीर जर म्हणाले असते, "वहिनी, आतपर्यंत पाक मुरलाय, खवा कुठला आणलात?", तर मी पातेले बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसून दुकानाचे नाव सांगितले असते आणि दुसरा गुलाबजाम वाढायचे विसरले असते.

आत्याने आमरसाबरोबर सांज्याची पोळी केली होती. सांज्याची पोळी लाटताना फुटते, तिला हात लागतो. मी पहिल्याच वाढपाला एक पूर्ण पोळी घेतली, अर्धी मागितली नाही. अर्धी मागणे म्हणजे वाढणारीला उरलेल्या अर्धीसाठी परत यायला सांगणे असते. ती पोळी मी सावकाश खाल्ली, कडा आधी आणि मधला भाग शेवटी, लहानपणी खायचे तशी. मग आत्याला म्हटले, "आत्या, रवा तुपावर किती वेळ भाजलास गं? माझा नेहमी चिकट होतो." आत्या पोळ्यांचा डबा हातात घेऊन माझ्याशेजारीच टेकली. रवा बदामी होईपर्यंत, मग गूळ चिरून आधी पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, सारण रात्रीच करून झाकून ठेवायचे, सकाळी पुन्हा मळायचे. माझ्या आजीने तिला हे कसे शिकवले, पहिल्या वर्षी सगळ्या पोळ्या तव्यावर फुटून सासरे काही न बोलता तशाच कशा जेवून उठले, हे सगळे तिने सांगितले. लेकही जेवायची थांबून ऐकत होती. हे तिने यापूर्वी ऐकलेले नव्हते, मीही नव्हते. बोलणे संपल्यावर आत्या उठली, डब्याकडे पाहिले, माझ्या ताटाकडे पाहिले आणि लेकीला वाढायला गेली.

मी हे युक्ती म्हणून सांगत नाही. खोटे कौतुक वाढणाऱ्या बाईला पहिल्या शब्दाला कळते. सांज्याची पोळी मला खरोखर येत नाही आणि खरोखर आवडते. ताटात एकच असली की ती नीट लक्ष देऊन खाता येते, आणि लक्ष दिले की विचारण्याजोगे काहीतरी सापडते.

लग्न मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाले. चार दिवसांनी नव्या जोडप्याला घेऊन दोन्ही घरची मिळून अकरा माणसे टेम्पो ट्रॅव्हलरने अंबाबाईच्या आणि मग नृसिंहवाडीच्या दर्शनाला गेलो. सहलीतले खाणे घरच्या पंगतीहून वेगळे असते. तिथे आग्रह कमी असतो, पण हात रिकामा नसतो. गाडी सुटून कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत वेफर्सची पहिली पिशवी फिरली, मग भडंग, मग कोणीतरी आणलेल्या बाकरवड्या, साताऱ्याच्या अलीकडे वडापाव. यातले काहीही खाण्यासाठी कोणी घराबाहेर पडलेले नसते. मी ठरवले होते की गाडीत चालत्या पिशवीत हात घालायचा नाही आणि ज्या गावाला जायचे त्या गावाचे म्हणून जे असेल ते बसून, ताटलीत घेऊन खायचे. कोल्हापुरात मिसळ घेतली, पावाचा एकच तुकडा घेतला, कट मात्र सोडला नाही. गाडीत माझ्या पिशवीत काकड्या होत्या आणि भाजलेले शेंगदाणे होते. काकडी चिरून मीठ लावून पुढे केली की उन्हाळ्यात ती वेफर्सच्या आधी संपते, हे मला त्या प्रवासात कळले.

वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ घाटावर दुपारी सावलीत बसलो होतो. मंडळी बासुंदी आणायला गेली होती. विहीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी पदराआड पर्समधून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. मी पाहिले हे त्यांना कळले. "नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे सांगितलं नव्हतं. लग्नाच्या बोलण्यात असं काही काढू नये म्हणतात." मग मी त्यांना माझा ६.३ सांगितला, बाबांचा पाय सांगितला. केळवणांत मी काय काय केले तेही सांगितले आणि कोथरूडची रिक्षा सांगताना मला थोडे थांबावे लागले. त्या म्हणाल्या की त्यांच्याकडच्या केळवणांना त्या प्रत्येक ठिकाणी सगळे खात गेल्या आणि रात्री गोळी वाढवून घेत राहिल्या, मनानेच. मी त्यांना हात जोडून सांगितले की पुण्यात गेल्यावर पहिल्यांदा हे डॉक्टरांना सांगा, मी बरोबर येते. बासुंदीचे द्रोण आले तेव्हा आम्ही एक द्रोण दोघींत घेतला. वाडीची बासुंदी दाट असते, तिला आटवल्याचा किंचित धुरकट वास असतो, आणि दोघींत एक द्रोण पुरेसा असतो.

जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे वर्तमानपत्रांत आले. देशात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. एवढा मोठा आकडा मला एरवी नुसता आकडा वाटला असता. त्या दिवशी मी सातही पंगती मनातल्या मनात मोजल्या, आणि मग पदराआड गोळी घेणारा तो हात आठवला. कोथरूडच्या चर्चेत बोललेल्यांखेरीज न बोललेले किती होते, हे मला माहीत नाही. त्या महिन्याच्या शेवटी माझा काटा ६०.९वर होता. आठशे ग्रॅम वाढले होते. ते मी लगेच उतरवायला घेतले, कारण आणखी तीन आठवड्यांनी अधिक महिना लागणार होता.

वजन उतरवलेल्या माणसांची अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली. त्यातल्या माणसांबद्दल २००४ साली असे प्रसिद्ध झाले होते की, जे आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी साधारण सारखेच खातात, त्यांचे वजन पुढच्या वर्षभरात सव्वादोन किलोंच्या आत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा दीडपट असते. मी याचा अर्थ असा घेतला की सण आणि रोज यांत भिंत घालायची नाही. रोजच्या जेवणात आता मी कधीकधी चमचाभर शिकरण घेते आणि सणाच्या ताटात कोशिंबीर पहिली खाते. डावी बाजू आपल्या ताटात उगीच नसते. लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत हे थोडे थोडे आणि चाखत खायचे पदार्थ असतात. आपण ते सोडून उजव्या बाजूलाच बसलेलो असतो.

त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलैला सुरू झाला. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, तेव्हा जावयांना बोलावणे आले. तेहेतीस अनारसे तांब्याच्या ताम्हनात, वर दिवा, आणि जेवायला पुरणाचे धोंडे. अनारशांचे तांदूळ मी तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले. जाळी पडली की नाही हे पाहताना माझाच श्वास अडकत होता. अनारसे वाण म्हणून दिले आणि डब्यात भरून ठेवले, त्यांच्या ऑफिसात चौघांत वाटायला. विहीणबाईही आल्या होत्या. त्यांच्या ताटात मी एकच धोंडा वाढला आणि परत त्यांच्याकडे वळले नाही.

जावयांनी दोन धोंडे खाल्ले. दुसरा खाताना त्यांनी विचारले, "आई, पुरणात जायफळ आहे ना? आमच्याकडे सुंठ घालतात." मी हो म्हटले. माझ्या एका हातात धोंड्यांचे पातेले होते आणि दुसऱ्या हातात तुपाची वाटी. लेक माझ्याकडे पाहत होती. मी एक पाऊल पुढे टाकले होते, तेवढ्यात त्यांनी ताटावर आडवा हात धरला. हात नीट सरळ होता, बोटे जुळलेली, नव्या अंगठीची सोनेरी कड उजेडात दिसत होती.

"पुरे ना?" मी विचारले.

"पुरे," ते म्हणाले.

मी पातेले घेऊन स्वयंपाकघरात परत गेले, झाकण ठेवले आणि मठ्ठ्याचे भांडे घेऊन बाहेर आले.